वारी पुरी कुठे होते?

२०२२ सालची आषाढी एकादशी १० जुलैला होती. त्या दिवशी दुपारी पंढरपुरात माझ्या फोनवर नातेवाइकांचे निरोप एकामागून एक येत होते. सगळ्यांचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच : ‘वारी पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदन.’ आई, थोरली बहीण, माझी पत्नी आणि मी असे चौघे आळंदीपासून चालत आलो होतो. आई तेव्हा ७१ वर्षांची होती आणि ही तिची पहिलीच वारी. एका मठाच्या ओवरीत पाय पसरून ती गुडघ्याला तेल चोळत बसली होती. मी तिला ते निरोप वाचून दाखवले. ती म्हणाली, “पुरी कुठे झाली रे? माउली अजून इथंच आहेत की.”

त्या वेळी मी ते हसण्यावारी नेले. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे झाल्यावर आम्ही एस.टी.ने पुण्याला परत आलो. तिला पौर्णिमेच्या काल्यापर्यंत थांबायचे होते. मला कामावर हजर व्हायचे होते. गाडीत ती फारशी बोलली नाही.

इतिहासाचे रीतसर शिक्षण माझे झालेले नाही. नोकरी सांभाळून गेली वीस-बावीस वर्षे पुण्याविषयीचे जुने कागद, बखरी, प्रवासवर्णने वाचत आलो, एवढीच माझी पुंजी. तेवढ्या वाचनामुळे तरी आईचा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. पालखी सोहळ्यावर आपल्याकडे खूप लिहिले गेले आहे. त्यातले बहुतेक लेखन आळंदी-देहूहून निघते आणि पंढरपुरात थांबते. पण वारी नेमकी कुठे पुरी होते, आणि ती पुरी करतो कोण? या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले ते इथे मांडतो.

यात्रा आणि वारी

आज आपण ‘तीर्थयात्रा’ आणि ‘वारी’ हे शब्द सरमिसळ वापरतो. जुन्या व्यवहारात त्यांत अंतर होते, आणि ते मुख्यतः शेवटाविषयीचे होते. यात्रेला शेवट असतो. काशीयात्रा आयुष्यात एकदा घडावी अशी गोष्ट. मुलांची लग्नकार्ये उरकली, घर थोरल्याच्या हाती दिले की माणूस काशीचे नाव काढी. वाट लांब, चोराचिलटांची आणि रोगराईची. निघणारा परत येईलच याची खात्री नसे. म्हणून निघण्याआधी देण्याघेण्याचा निकाल लावून निरोप घेण्याची रीत होती.

पुण्यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण राधाबाईंचे. बाळाजी विश्वनाथांच्या पत्नी, पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री. पती १७२० साली वारले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १७३५च्या फेब्रुवारीत, त्या पुण्याहून उत्तरेच्या यात्रेला निघाल्या. उदयपूर, नाथद्वारा, जयपूर, मथुरा, प्रयाग, काशी, गया असा पल्ला करून १७३६च्या जूनच्या आरंभी परतल्या. जाताना राजपूत दरबारांनी त्यांचा सन्मान केला. मराठी फौजा ज्यांच्याशी लढत होत्या त्या मोगली सरदारांच्या मुलखातूनही त्यांना सुरक्षित वाट मिळाली. इतिहासकारांनी या यात्रेकडे राजकारण म्हणून पाहिले, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. घरातली कर्ती माणसे आपापल्या कामात रुजल्यावर एक वयस्क बाई सोळा महिने घराबाहेर राहते आणि परत येते. परत आल्यावर ती गोष्ट संपते. दुसऱ्या वर्षी पुन्हा जायचे नसते.

हा शेवट साजरा करण्याचा विधीही ठरलेला होता. काशीहून आणलेल्या गंगेची पूजा करायची, नात्यागोत्यातल्या माणसांना, ब्राह्मणांना जेवू घालायचे. याला मावंदे म्हणत. मावंदे झाले की यात्रा पुरी झाली. म्हणजे यात्रासुद्धा विश्वेश्वराच्या दारात पुरी होत नसे. ती यात्रेकरूच्या स्वतःच्या उंबऱ्याच्या आत, घरच्यांच्या पंगतीत पुरी होई.

याचे सुरेख उदाहरण विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये आहे. पेणजवळच्या वरसईचा हा तरुण भिक्षुक १८५७ साली चुलत्यांबरोबर दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. मिळालेले पैसे लुटले गेले, पुन्हा मिळाले, पुन्हा गेले. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक प्रथम छापले तेव्हापासून आपण ते बंडाची हकिकत म्हणून वाचतो. पण गोडसे भटजींच्या दृष्टीने त्या प्रवासाला अर्थ येतो तो शेवटी : काशीची गंगा कावडीने खांद्यावर घेऊन ते वरसईला पोचतात आणि आईवडिलांना तिने स्नान घालतात. म्हाताऱ्यांना काशीला जाता आले नाही, तर मुलाने काशी त्यांच्यापर्यंत आणली. चालला एक, पुण्य घरचे.

वारीचे मात्र वेगळे. ‘दवाखान्याच्या वाऱ्या’, ‘कोर्टाच्या वाऱ्या’ हे आपले रोजचे शब्दप्रयोग पाहावेत. वारी म्हणजे ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा जाणे. माळ घातलेल्या माणसाला वारी चुकवायची नसते. वर्षाच्या चार मोठ्या वाऱ्या : आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री. शिवाय महिन्याची वारी करणारे आहेत. शुद्ध एकादशीला पंढरपूर, वद्य एकादशीला आळंदी. अशा माणसाला ‘तुमची वारी पूर्ण झाली का’ असे विचारणे म्हणजे ‘तुमचे जेवण कायमचे झाले का’ असे विचारण्यासारखे आहे. वारीला मावंदे नाही. तिच्यात ‘चुकली’ आणि ‘चुकली नाही’ असे दोनच शेरे संभवतात.

मग माणूस म्हातारा झाला, पाय चालेनासे झाले, की वारीचे काय होते? याचे उत्तर घरात शोधावे लागते.

वडिलांच्या पादुका

‘आमच्या घरात वारी आहे’ असे वारकरी म्हणतात. शेत, घर, देवघर असावे तशी वारी घरात असते आणि तशीच ती एका पिढीकडून दुसरीकडे जाते. तुकोबांच्या घराण्याविषयी परंपरेत अशी कथा आहे की, त्यांचे पूर्वज विश्वंभरबुवा यांना त्यांच्या आईने आठवण करून दिली : आपल्या घरात पंढरीची वारी आहे, ती तू चालव. कथेचा ऐतिहासिक पुरावा मागता येणार नाही. पण वारी ही देण्याघेण्याची वस्तू आहे आणि ती द्यायला पुष्कळदा घरातली वडीलधारी बाई पुढे येते, ही जाण त्या कथेत नक्की आहे.

आजच्या पालखी सोहळ्याचा उगमही घरातलाच. १६८५ साली तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही एकत्र पंढरपूरला नेल्या. तुकोबा गेले तेव्हा हे पुत्र आईच्या पोटात होते असे परंपरा सांगते. ज्या बापाला डोळ्यांनी पाहिले नाही, त्याच्या पायांची खूण पालखीत ठेवून मुलगा बापाच्या नेहमीच्या वाटेने निघाला. सोहळ्याचे वैभव, रथ, अश्व, नगारा हे सारे नंतरचे. मूळ गोष्ट एवढीच : वडिलांची वारी चुकू नये.

पुढे वंशजांत मानपानाचे वाद झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आळंदीची पालखी वेगळी निघू लागली. १८३२ हे साल त्यासाठी सामान्यतः धरले जाते. त्याचे कर्ते हैबतबाबा आरफळकर. सातारा भागातल्या आरफळचे हे गृहस्थ शिंद्यांच्या पदरी सरदार होते. ग्वाल्हेरहून गावी परतताना सातपुड्याच्या रानात ते लुटारूंच्या हाती सापडले आणि हरिपाठाच्या बळावर सुटले, अशी हकिकत सांगितली जाते. सुटल्यावर ते आळंदीत येऊन राहिले. म्हणजे हाही उत्तरवयात घेतलेला निर्णय. चाकरी झाली, मुलूख पाहून झाला, आणि मग माणूस चालू लागला. सोहळ्याला शिस्त लावण्यात वासकरांचा आणि बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांचा मोठा वाटा. शितोळ्यांचे अश्व आजही अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात; त्यांची वारी आपल्या आधीच सुरू झालेली असते.

वारी घराची असते म्हणजे नेमके काय, हे शेतीच्या वेळापत्रकावरून कळते. आषाढाची वारी पेरणी आणि खुरपणी यांच्यामधल्या सवडीत येते. मृगाचा पाऊस चांगला झाला तर पेरण्या आटोपून माणूस निघतो. पण जनावरे असतात, दूध असते, लहान मुले असतात. घरातला एक चालतो तेव्हा दुसरा कोणीतरी मागे राहतो. भाऊ-भाऊ पाळी लावून घेतात. मुलगा कर्ता झाला, सून आली, की मागची पिढी मोकळी होते. दिंड्यांमध्ये साठीच्या पुढची माणसे, आणि त्यांतही बायका, एवढ्या मोठ्या संख्येने दिसतात त्याचे हे साधे कारण आहे. भक्ती म्हातारपणीच येते असे नाही; सवड मात्र बहुतेक बायकांना म्हातारपणीच मिळते.

आमच्या घरी काही वेगळे नव्हते. वडिलांनी बावीस वर्षे वारी केली. ज्येष्ठ वद्यात ते पडशी भरत आणि आषाढ शुद्ध त्रयोदशीच्या आसपास बुक्क्याचा वास घेऊन परत येत. त्या बावीस वर्षांत आई एकदाही गेली नाही. आधी आम्ही लहान, मग आजी अंथरुणावर, मग नातवंडे. पुण्यात पालखी आली की ती नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या आणि भवानी पेठेत पालखी विठोबाच्या दर्शनाला जाई, घरी चार वारकऱ्यांना जेवू घाली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे हडपसरपर्यंत वडिलांना पोचवून परत येई. वडील २०१८ साली गेले. त्यांची माळ देवघरात होती. वर्ष सरल्यावर आई म्हणाली, “आता मी जाते.”

२०२० साली निघायचे ठरले आणि करोना आला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही पादुका एस.टी. बसने मोजक्या माणसांबरोबर पंढरपूरला गेल्या. लाखो वारकरी घरी बसले. पण वारी चुकली असे कोणी म्हणाले नाही. पादुका गेल्या म्हणजे सगळे गेले, असाच हिशेब होता. एकाने चालावे आणि ते सगळ्यांच्या खाती जमा व्हावे, ही गोडसे भटजींच्या घरात दिसलेलीच रीत इथे लाखोंच्या मापाने दिसली.

वाट कुठपर्यंत?

आता शेवटाच्या प्रश्नाकडे. दशमीला पालखी पंढरपुरात पोचते, एकादशीला चंद्रभागेचे स्नान आणि नगरप्रदक्षिणा होते. मग विठ्ठलाचे दर्शन झाले की वारी पुरी, असे आपण समजतो. प्रत्यक्षात एकादशीला दर्शनबारी इतकी लांब असते की चालत आलेल्यांपैकी असंख्य माणसे गाभाऱ्यापर्यंत जातच नाहीत. नामदेव पायरीला डोके टेकतात, कळसाचे दर्शन घेतात आणि निघतात. आम्हीही तेच केले. कोणाच्या तोंडावर खंत नव्हती. चालणे हेच दर्शन, असे जुने वारकरी सांगतात.

पण हे स्वेच्छेने थांबणे झाले. काही जणांना शतकानुशतके थांबवले गेले, हे विसरून वारीच्या समतेची गाणी गाता येणार नाहीत. महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथे समाधी बांधली, असे परंपरा सांगते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्याची वाट तिथेच संपत असे. तोही तितकेच चालून आलेला असे. त्याचेही पाय तितकेच फुटलेले असत. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण आरंभले आणि दहा दिवसांनी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हा कुठे वाटेचा तो शेवटचा तुकडा सर्वांचा झाला. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला तो याच काळातला. १९४९च्या ‘परिपूर्ती’त तो आहे. एकाच दिंडीत पावलाला पाऊल लावून चालणारी माणसे जेवायला जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांना खुपले आणि त्यांनी ते लपवले नाही.

तेव्हा ‘विठोबाच्या पायांशी वारी पुरी होते’ हे विधान इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. काहींना तिथे जाऊ दिले नाही, काहींना जायची गरज वाटली नाही, आणि दोघांनीही आपली वारी झाली असेच मानले.

सोहळ्याच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे पाहिले तर एकादशी हा शेवट नाहीच. पालख्या पंढरपुरात पौर्णिमेपर्यंत मुक्कामाला असतात. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो. लाह्या-दह्याचा प्रसाद एकमेकांच्या तोंडी घालतात. मग संतांच्या पादुका विठ्ठल-रखुमाईच्या भेटीला मंदिरात नेल्या जातात. ही निरोपाची भेट. आणि त्यानंतर पालखी परत फिरते. चालत.

परतीची वाट

जातानाची वाट सर्वांना तोंडपाठ आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान. पुण्यात दोन रात्री. दिवे घाट चढून सासवड. जेजुरी, वाल्हे, नीरेचे स्नान, लोणंद. चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. सुमारे अडीचशे किलोमीटर आणि सतरा-अठरा दिवस. टीव्ही असतो, मंत्री असतात, रेनकोट वाटणाऱ्या संस्था असतात.

परतीची वाट तीच, पण चाल वेगळी. वेळापूर, नातेपुते, फलटण, पाडेगाव, वाल्हे, सासवड, हडपसर, पुणे, आळंदी. जाताना नातेपुते ते फलटण या पल्ल्यात बरडला मुक्काम असतो. येताना तो पल्ला एका दिवसात काढतात. रोजचे चालणे तीस किलोमीटरच्या घरात जाते. पौर्णिमेला निघून आषाढ वद्य दशमीला पालखी आळंदीत पोचते. ही घाई कशासाठी, हे महिन्याच्या वारीचा नियम आठवला की कळते. शुद्ध एकादशी पंढरपूरची, वद्य एकादशी आळंदीची. त्या एकादशीला माउलींच्या पादुका स्वतःच्या घरी असायला हव्यात. येणे हे जाण्याचे शेपूट नाही. तो त्याच वेळापत्रकाचा दुसरा अर्धा भाग आहे.

मग हा अर्धा भाग आपल्या नजरेतून कसा निसटला? माझा तर्क असा. वाहने नव्हती तेव्हा प्रत्येकाला परतीची वाट चालावीच लागे. पालखीबरोबर असो वा आपापल्या गावच्या वाटेने असो. ‘पायी वारी’ असा वेगळा शब्दही तेव्हा लागत नसणार. मुंबईहून येणारी रेल्वे १८५८ साली पुण्यापर्यंत आली आणि पुढे सोलापूरकडे गेली. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मापाचा फाटा कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढच्या काळात गावोगाव पोचली. या सोयींनी जाणाऱ्यांचे पायी चालणे थांबवले नाही, कारण चालणे हाच त्याचा मुद्दा होता. पण येण्याचे चालणे त्यांनी अलगद काढून नेले. खुरपणी खोळंबलेली असते, पैसे संपलेले असतात, घरची ओढ असते. एका रात्रीत घरी पोचवणारी गाडी उभी असताना दहा दिवस चिखलातून कोण चालणार?

लेखनानेही तीच दिशा धरली. कर्वे यांचा लेख १९६२ साली इंग्रजीत एका अमेरिकी संशोधनपत्रिकेत आला आणि वारीच्या अभ्यासकांना तो पाठ झाला. दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ १९६४ साली आले. मराठीतल्या उत्तम पुस्तकांत मी त्याची गणना करतो. दोन्हींचा विषय जातानाची वाट हाच आहे. परतीच्या वाटेवर सुधीर महाबळ यांनी ‘परतवारी’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांना ही वाट आहे हेच प्रथम कळले. मी ते आईच्या प्रश्नानंतर वाचले. आधी वाचायला हवे होते.

हडपसर ते आळंदी

एक कबुली द्यायला हवी. वाटेत मी वही ठेवली होती. रोजचे किलोमीटर, विसाव्याच्या जागा, वेळा. नातेपुत्याच्या मुक्कामी आईचा गुडघा सुजला आणि दुसऱ्या दिवशी तिला दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये बसवून माळशिरसला नेले. वहीत मी प्रामाणिकपणे लिहिले : ‘आई – हा टप्पा नाही.’ ते तिने पाहिले. काही बोलली नाही. पण ताई माझ्यावर रागावली. “बावीस वर्षं ती घरी चालत होती, ते कुठल्या वहीत लिहिलंस?” असे ती म्हणाली. मला उत्तर सुचले नाही. ट्रकमध्ये त्या दिवशी आईसारख्या आणखी पाच-सहा जणी होत्या. आपली वारी खंडित झाली असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटत नव्हते. त्या तांदूळ निवडत गेल्या आणि आम्ही पोचलो तेव्हा चहा तयार होता.

पंढरपूरहून आल्यावर आई दहा दिवस कॅलेंडरकडे पाहत होती. पालखी हडपसरला येणार त्या संध्याकाळी तिने चप्पल काढून ठेवली आणि पायमोजे मागितले. मी रजा टाकली. पहाटे आम्ही हडपसरला गेलो. जाताना त्याच रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती; आता शे-दोनशे माणसे, एक वीणा, थोडे टाळ. वाहने शेजारून जात होती. कित्येकांना ही पालखी परत चालली आहे हे समजतही नव्हते. एक रिक्षावाला थांबला, उतरला, पादुकांना हात लावून नमस्कार करून पुन्हा निघून गेला. पुण्यातल्या मुक्कामापर्यंत आई चालली. मधे दोनदा बसली.

दुसऱ्या दिवशी विश्रांतवाडी, दिघी, आळंदी. पाऊस बारीक होता. चालणारे सगळे एकमेकांना तोंडओळखीने ओळखत होते. गुडघ्याला पट्टा बांधलेली एक बाई फलटणपासून येत होती आणि आईला आपली काठी देत होती. आई घेत नव्हती. दिघीच्या पुढे घेतली. इंद्रायणीच्या पुलावर मी वेळ पाहिली आणि वही काढायला खिशात हात घातला. मग राहू दिले.

मंदिरात पादुका आपल्या जागी गेल्या तेव्हा आईने पिशवीतून वडिलांची माळ काढली. ती त्यांची माळ सगळी वाट बरोबर घेऊन चालली होती, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. समाधीच्या दिशेने धरून तिने ती पुन्हा पिशवीत ठेवली. बाहेर आल्यावर मी विचारले, “आता पुरी झाली?”

“यंदाची झाली,” ती म्हणाली.

अभ्यासक म्हणून या लेखाचा निष्कर्ष मला असा मांडता येतो : यात्रा एक माणूस करतो आणि घरी येऊन ती पुरी करतो. वारी घर करते, आणि म्हणून ती कोणा एकाच्या हयातीत पुरी होत नाही; दरसाल घरी परत येते एवढेच. तिच्यात चालणारा आणि मागे राहणारा यांचा हिस्सा सारखा असतो. नारायण महाराजांनी ज्या पादुका नेल्या त्या परतही आणल्याच असणार. नाहीतर पुढच्या वर्षी न्यायला राहिल्या कुठून असत्या?

त्यानंतर आईला चालणे झेपलेले नाही. पालखी पुण्यात येते तेव्हा ती निवडुंग्या विठोबाला आणि पालखी विठोबाला जाते, पूर्वीसारखीच. परतीच्या दिवशी हडपसरला मी जातो. ताई फलटणला जाऊन दिंडी गाठते, कारण तिची सून आता घर पाहते. गेल्या वर्षी निघताना आईने ती माळ ताईच्या हातात दिली. मला दिली नाही. मी विचारलेही नाही. जी बाई बावीस वर्षे मागे राहिली, तिला पुढचे कोणाला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार माझ्यापेक्षा जास्त आहे.